वाफेचं वेळापत्रक

सकाळी ५:४५

चिपळूणच्या घरी चहा उकळत असतो तेव्हा प्लांटच्या ग्रुपवर रात्रपाळीचे आकडे येऊन पडतात. माल किती सुकला, वाफ किती गेली, ब्रिकेट किती जळलं, मिथेनॉल किती परत मिळालं. मालक पहिला आकडा बघतात, मी शेवटचा. रिकव्हरी घसरली असेल तर आज कशाच्या मागे लागायचं ते चहा संपायच्या आत ठरतं. आज रिकव्हरी ठीक आहे. आज लक्ष ठेवायचंय ते हायड्रोजनेटर थंड करून बाहेर पडणाऱ्या गरम पाण्यावर. रविवारच्या शटडाउनमध्ये त्या लाइनवर एक प्लेट हीट एक्स्चेंजर बसवलाय. भंगारच्या शेडमध्ये पडून असलेला, गॅस्केट बदलून, दाबाची चाचणी घेऊन कामाला लावलेला. कारखाना पुन्हा धावायला लागल्यावर त्याच्यातून आज पहिल्यांदाच बॅचचं गरम पाणी जाणार.

मी लोटे परशुरामच्या औद्योगिक वसाहतीत प्रोसेस इंजिनीअर आहे. रंग आणि औषधं बनवणाऱ्यांना लागणारी मधली रसायनं आम्ही बनवतो. लग्नकार्यात कुणी विचारलं तर "केमिकल कंपनीत" एवढंच सांगते, आणि पुढचा प्रश्न ठरलेला असतो: खाडीतल्या माशांचं काय? दाभोळ खाडीच्या काठावर ज्यांची जाळी रिकामी आली त्यांचा तो प्रश्न आहे आणि तो रास्त आहे. "हरित रसायनशास्त्र" हा शब्द मी त्यांच्यासमोर वापरत नाही. आज किती मिथेनॉल गटारात गेलं नाही, हे मात्र सांगू शकते.

सकाळी ६:५०

परशुराम घाटात धुकं, पाऊस आणि ट्रकची रांग. बस वेळेवर पोचते हेच विशेष.

पाळी सातला बदलते. रात्रीचे इनचार्ज लॉगबुक पुढे करतात. त्यातली लिहिलेली गोष्ट एक आणि न लिहिलेल्या दोन असतात, आणि त्या दोन काढून घेण्यासाठी दोन मिनिटं उभं राहून बोलावं लागतं. "चार नंबरच्या सेंट्रीफ्यूजला आवाज येतोय. ब्राइन उणे बारावर ठेवलंय. पाण्याच्या टाक्या सगळ्या भरून ठेवल्यात, सकाळच्यांना त्रास नको." हे शेवटचं वाक्य मी ऐकलं आणि मान डोलावली. रात्रपाळीचा हा चांगुलपणा इथल्या जुन्या रीतीतला आहे.

सकाळी ७:२०

बॉयलर हाउस. पावसाळ्यात दिवसाची सुरुवात इथूनच करावी लागते.

आमचा बॉयलर पूर्वी फर्नेस ऑइलवर चालायचा, आता ब्रिकेटवर. भुसा, बगॅस, शेंगांची टरफलं दाबून केलेल्या लांब कांड्या. त्या कराडकडून कुंभार्ली घाट उतरून ट्रकने येतात. कागदावर हे इंधन कार्बनच्या दृष्टीने जवळजवळ निर्दोष, कारण जळताना सुटणारा कार्बन पिकाने हवेतूनच घेतलेला. ट्रकचं डिझेल मात्र त्या कागदावर नसतं, आणि श्रावणातला ओलावाही नसतो.

बॉयलरचे मामा एक कांडी हातात घेऊन मोडून दाखवतात. कोरडी कांडी कटकन तुटते. ही वाकते, मग फुसकन सुटते. "मॅडम, पाणी इकत घेतलाव आपून," मामा म्हणतात. खरंच आहे. ब्रिकेटचे पैसे वजनावर जातात, त्यामुळे ओलाव्याचेही पैसे मालाच्या भावाने जातात. वर भट्टीचं तापमान उतरतं, धूर काळा होतो आणि मामांना हवेचा पंखा जोरात लावावा लागतो. जास्तीची हवा म्हणजे चिमणीवाटे बाहेर जाणारी जास्तीची उष्णता. उपाय साधा आहे: ट्रक उतरवून घेण्याआधी गेटवरच नमुना घ्यायचा, ओव्हनमध्ये सुकवायचा, ओलावा ठरल्यापेक्षा जास्त निघाला तर तेवढे पैसे कापायचे. खरेदी विभागाशी यावरून माझं दर पावसाळ्यात वाजतं.

मग वाफेच्या लाइनवरून एक फेरी. प्रत्येक भांड्याच्या बुडाशी स्टीम ट्रॅप असतो. त्याचं काम एवढंच की वाफेचं पाणी झालं की ते बाहेर सोडायचं आणि वाफ आत अडवायची. तो बिघडून उघडा राहिला तर वाफ सरळ कंडेन्सेटच्या लाइनमध्ये पळते, आणि कुणालाच कळत नाही, कारण भांडं तापतंच आहे. मोजायची यंत्रं आहेत, पण मामा लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक ट्रॅपवर टेकवून मूठ कानाला लावतात. चांगला ट्रॅप थांबून थांबून टकटक करतो. बिघडलेला सलग फुसफुसतो. आज ड्रायरखालचा एक फुसफुसतोय. खडूने फुली मारली, मेंटेनन्सला चिठ्ठी दिली.

कंडेन्सेट म्हणजे गरम, शुद्ध, पैसे देऊन मऊ केलेलं पाणी. ते बॉयलरच्या टाकीत जेवढं परत येईल तेवढं बरं. बॉयलरच्या फीड पाण्याचं तापमान साधारण सहा अंशांनी वाढलं की इंधन एक टक्का वाचतं, हा इथला पाठ असलेला ठोकताळा. निम्मंच कंडेन्सेट आमच्याकडे परत येतं. उरलेल्याची भरपाई सत्तावीस अंशांच्या ताज्या पाण्याने करावी लागते, त्याला आम्ही मेकअप म्हणतो. रविवारी बसवलेला एक्स्चेंजर याच मेकअपसाठी आहे.

सकाळी ८:१५

हायड्रोजनेशनच्या ब्लॉकमध्ये मोबाइल बाहेर ठेवून शिरायचं. आत सगळे दिवे, मोटारी ज्वालारोधक. मिथेनॉल आणि नायट्रो संयुग चार्ज झालंय. आता कॅटॅलिस्ट. कार्बनवर बसवलेलं पॅलेडियम, दिसायला ओल्या कोळशाच्या चिखलासारखं. ते कधीही कोरडं पडू द्यायचं नाही. हायड्रोजन आणि मिथेनॉलच्या संगतीत कोरडं पडलं आणि हवा लागली तर स्वतःच पेटतं. भांडं बंद, नायट्रोजनने पुन्हा पुन्हा फ्लश, दाब धरून गळती तपासणी, आणि मग हायड्रोजनचा व्हॉल्व्ह.

इथेच, याच शेडमध्ये, पूर्वी हे काम लोखंडाने व्हायचं. बेशां रिडक्शन. आंत्वान बेशां या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८५४ साली शोधलेली ही पद्धत रंगांच्या धंद्याने शतकभर वापरली. नायट्रो संयुग, लोखंडाची भुकटी, थोडं आम्ल, पाणी, आणि हाती अमाइन. स्वस्त, रांगडी, दाबाचं भांडं लागत नाही. पण उरलेल्या लोखंडाचं काय? अ‍ॅनिलीन या साध्या अमाइनचं गणित शाळेतल्या समीकरणानेही मांडता येतं: एक टन अ‍ॅनिलीनला किमान साडेतेराशे किलो लोखंड लागतं आणि कोरडा धरला तरी अठराशे किलोंहून जास्त लोखंडाचा ऑक्साइड निघतो. म्हणजे मालापेक्षा गाळ जवळजवळ दुप्पट. प्रत्यक्षात तो ओला, काळा आणि अमाइनच्या वासाने भरलेला असतो. त्याचे ट्रक घातक कचऱ्याच्या डेपोकडे जायचे. हायड्रोजनने तेच काम केलं तर एका टनाला ६५ किलो हायड्रोजन पुरतो आणि बाजूला निघतं ते निव्वळ पाणी.

बॅरी ट्रॉस्ट यांनी १९९१ मध्ये मांडलेल्या अणू-बचतीच्या मोजमापाने बघितलं तर लोखंडाच्या वाटेने घातलेल्या वजनातलं सुमारे ३५ टक्के मालात उतरतं, हायड्रोजनच्या वाटेने ७२ टक्के. पण जर्मनीत क्रेफेल्डजवळ उर्डिंगनला १९२०च्या दशकात बायरच्या लाउक्स यांनी हीच लोखंडाची प्रक्रिया अशी बदलली की निघणारा ऑक्साइड सिमेंटच्या फरश्यांना आणि रंगांना चालणारं रंगद्रव्य ठरला. गाळ विकता येण्याजोगा बनवला की तो गाळ राहत नाही. आमच्या गाळात इतर सेंद्रिय कचरा एवढा होता की तो मार्ग आम्हाला नव्हता, म्हणून हायड्रोजन.

हायड्रोजनही आकाशातून पडत नाही. नैसर्गिक वायूपासून बनवला तर एक किलो हायड्रोजनमागे नऊ-दहा किलो कार्बन डायऑक्साइड सुटतो. कॉस्टिक सोड्याच्या कारखान्यात तो मिठाच्या पाण्याच्या विद्युत-विघटनात आपोआप निघतो, तिथून घेतला तर हिशेब बराच हलका. आम्ही कुणाकडून घेतो हे विचारणारे ग्राहक आता आहेत. पूर्वी नव्हते.

सकाळी ९:३०

दाबमापकाची सुई खाली सरकते, ऑपरेटर पुन्हा वर आणतो, ती पुन्हा सरकते. हायड्रोजन प्यायला जातोय. भांडं ऐंशी अंशांवर धरून ठेवायचं तर कॉइलमधून सतत पाणी फिरवावं लागतं, कारण ही प्रक्रिया भयंकर उष्णता सोडते. अ‍ॅनिलीनचाच दाखला घ्यायचा तर टनामागे एवढी की तिने अडीच टनांहून जास्त पाण्याची वाफ झाली असती. आजवर ही सगळी उष्णता कूलिंग टॉवरवरून कोकणच्या हवेत जायची. आणि शंभर पावलांवर मामा ओली ब्रिकेटं जाळून तेवढीच उष्णता नव्याने तयार करायचे.

मग वापरली का नाही? कारण ती उष्णता पुष्कळ आहे पण हलक्या तापमानाची आहे. कॉइलमधून पाणी बाहेर येतं ते साठ अंशांवर. त्याने वाफ होत नाही. मिथेनॉल परत मिळवायचा कॉलम उकळवायला चौसष्टच्या वर तापमान लागतं, तेही नाही. कॉलमच्या फीडला आधी तापवलं तर? करून बघितलेला हिशेब सांगतो की मिथेनॉल तीसवरून पंचावन्नवर न्यायला किलोला जेमतेम ६५ किलोज्यूल, आणि उकळवायला अकराशे. सहा टक्क्यांसाठी एवढी पायपिंग कोण करणार? बॉयलरच्या मेकअपला मात्र साठ अंशांचं पाणी वरदान आहे, कारण ते पाणी सत्तावीसवर बसलंय.

सुरक्षा विभागाच्या साहेबांनी मंजुरी देताना घाम काढला होता, आणि तो काढायलाच हवा होता. नायट्रो संयुगाचं हायड्रोजनेशन हाताबाहेर गेलं तर काय होतं हे या धंद्यात कुणाला शिकवावं लागत नाही. त्यांची अट एकच: "भांड्याच्या कूलिंगवर दुसऱ्या कुणाचा हक्क नको. बॉयलरला पाणी नको झालं म्हणून माझं भांडं तापता कामा नये." म्हणून एक्स्चेंजर परतीच्या वाटेवर, टॉवरच्या आधी बसवला. बॉयलरने उष्णता घेतली तर घेतली. नाही घेतली तर टॉवर पूर्वीइतकाच समर्थ आहे. पॉल अनास्तास आणि जॉन वॉर्नर यांनी १९९८ च्या पुस्तकात हरित रसायनशास्त्राची बारा तत्त्वं दिली. ऊर्जेची बचत त्यात सहावं आहे आणि अपघात टाळणं बारावं. एकाचं पोट भरायला दुसऱ्याला उपाशी ठेवायचं नाही.

सकाळी १०:४०

एक्स्चेंजरच्या चारही टोकांना तापमापक आहेत. गरम पाणी आत ६०, बाहेर ५९. मेकअपच्या बाजूला काहीच हालचाल नाही. पंप चालू आहे का? नाही. का नाही? मेकअप टाकी भरलेली आहे. फ्लोट वर आहे, पंप आपोआप बंद. टाकी कधी भरली? पहाटे पाचला.

सकाळच्यांना त्रास नको म्हणून रात्रपाळी पहाटे टाकी काठोकाठ भरून ठेवते. वर्षानुवर्षं. त्यामुळे ज्या तासांत भांडं उष्णता सोडतं त्याच तासांत बॉयलरला थंड पाणी नको असतं. यंत्र बरोबर, पायपिंग बरोबर, गणित बरोबर. चुकलेली होती ती दोन कामांची वेळ. बॅच अकराला संपली, सुई थांबली, उष्णता टॉवरवरून निघून गेली.

मामांना सांगितलं: पंप हाताने बंद ठेवा, टाकी वापराने उतरू द्या, दुसरी बॅच दीडला सुरू झाली की मी फोन करते.

सकाळी ११:१५

लॅब. नवी केमिस्ट मुलगी वाट बघत उभी आहे. पुढच्या टप्प्यात अमाइनचं अ‍ॅसिटिलेशन होतं. सध्या ते टोल्युइनमध्ये, अ‍ॅसेटिक अनहायड्राइड घालून. तिने पाण्यात करून बघितलंय. "ताई, टोल्युइन पूर्ण जातं. पाणी म्हणजे सगळ्यात हिरवं सॉल्व्हंट!" बीकरमध्ये पांढरे स्फटिक खाली बसलेत, छान, गाळायला सोपे.

तिला मी फळ्यावर दोन आकडे लिहायला लावले. एक किलो टोल्युइनची वाफ करायला सुमारे ३६० किलोज्यूल लागतात. एक किलो पाण्याची करायला २२५७. सॉल्व्हंट उडवून माल मिळवायचा असेल तर पाण्यासारखं महाग दुसरं काही नाही. इथे मात्र माल आपण होऊन खाली बसतो, उडवावं काही लागत नाही, म्हणून तिचा मुद्दा टिकतो. पण गाळून उरलेलं पाणी, ज्याला इथे सगळे एमएल म्हणतात, त्यात अ‍ॅसेटिक आम्ल राहतं. ते ईटीपीला, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरणाला, गेलं तर तिथे पुन्हा वाफ.

"मग तेच एमएल पुढच्या बॅचला वापरलं तर?"

याच प्रश्नाची मी वाट बघत होते. किती वेळा वापरता येतं, दरवेळी अशुद्धी किती वाढते, स्फटिकांचा रंग कधी बदलतो, हे एचपीएलसीवर मोजायला तिला आठवडा दिला.

दुसरा प्रश्न तिचाच, आणि जास्त खोल. अनहायड्राइडऐवजी सरळ अ‍ॅसेटिक आम्ल वापरलं तर? साधं अ‍ॅसिटॅनिलाइड धरलं तर अणू-बचत ६९ वरून ८८ टक्क्यांवर जाते, बाजूला फक्त पाणी. पण अनहायड्राइड थंडच्या थंड काम करतं; आम्लाला तासन्‌तास उकळवून सुटणारं पाणी सतत काढत राहावं लागतं. अणू वाचतात, वाफ जळते. कुठलं बरं? हे पुस्तकात सांगितलेलं नसतं. आपल्याकडची वाफ कशाची आहे, आपल्या ईटीपीवर ताण किती, अनहायड्राइडचा ट्रक किती लांबून येतो यावर ते ठरतं. तिचा चेहरा जरा उतरला. रसायनशास्त्रात एक उत्तर असतं असं कॉलेजात वाटतं.

दुपारी १२:३०

कंट्रोल रूममध्ये विजेचा पडदा. महावितरणच्या दरांत उद्योगांना पूर्वी रात्रीची वीज स्वस्त पडायची. आता सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच सवलत आणि पाचनंतर अधिभार, कारण राज्यात दुपारी सौर वीज मुबलक असते. आमच्या छपरावरचे पॅनल आज ढगांखाली झोपलेत, पण सवलत घड्याळ बघून मिळते, ऊन बघून नाही.

म्हणून ब्राइनचा, म्हणजे थंडी वाहून नेणाऱ्या खारट पाण्याचा, चिलर आता दुपारी जोरात चालवतो आणि थंडी ब्राइनच्या टाकीत साठवतो. संध्याकाळी कॉम्प्रेसर जमेल तेवढा बंद. पण रात्रीचं "उणे बारा" का? आत्ताच्या मालाला उणे पाच पुरतं. थंडी जितकी खोल, तितकी प्रत्येक अंशाला वीज जास्त. ढोबळमानाने अंशाला तीन टक्के. सेटिंग बदललं. कूलिंग टॉवरच्या पंख्याला वेग कमी-जास्त करणारा व्हीएफडी आहे, तो ऐंशी टक्के वेगावर आणला. पंख्याची वीज वेगाच्या घनाने कमी होते, त्यामुळे वेग पाचवा हिस्सा कमी केला तरी वीज जवळजवळ निम्म्यावर येते. पण पावसाळी दमट हवेत टॉवर आधीच अडखळत चालतो, त्यामुळे हायड्रोजनेशन चालू असताना पंखा पूर्ण. ही नोंद लाल शाईत.

दुपारी १:००

कॅन्टीन. भात, कुळथाचं पिठलं, लोणचं. कॅन्टीनवाल्या काकूंचा गॅस आणि माझा बॉयलर यावर चर्चा होत नाही. बसायला बारा मिनिटं.

दुपारी १:४०

दुसऱ्या बॅचला हायड्रोजन लागला. मामांना फोन. टाकी चाळीस टक्क्यांवर उतरलीय. पंप सुरू. दहा मिनिटांनी एक्स्चेंजरवर: गरम पाणी आत ६०, बाहेर ३९. मेकअप आत २७, बाहेर ४९. मामांनी बॉयलरच्या फीड टाकीच्या पत्र्यावर तळहात ठेवला आणि लगेच काढला. "तापलीय की!" संध्याकाळपर्यंत फीडचं सरासरी तापमान अकरा-बारा अंशांनी वर राहिलं तर तेवढ्या तासांचं इंधन दोन टक्क्यांच्या आसपास वाचेल. दोन टक्के ऐकून कुणी टाळ्या वाजवणार नाही. ओल्या ब्रिकेटच्या महिन्यात मामा वाजवतील.

दुपारी २:३०

ईटीपी. इथला मुलगा आयटीआय झालेला, हुशार, आणि सगळ्या प्लांटच्या चुका शेवटी त्याच्याकडेच वाहत येतात. मिथेनॉलच्या एका पंपाचं सील गळतंय, थेंब थेंब. त्याने बादली लावलीय. हे थेंब मी सगळ्यांना एका गणिताने सांगते: एक किलो मिथेनॉल पाण्यात गेलं तर त्याचा सीओडी, म्हणजे ते संपवायला लागणारा ऑक्सिजन, दीड किलो. बाहेर सोडायच्या पाण्यासाठी नेहमीची मर्यादा लिटरला २५० मिलिग्रॅम. म्हणजे एका किलोने सहा हजार लिटर स्वच्छ पाण्याला मर्यादेवर नेऊन ठेवलं. बादली भरायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात विहिरीएवढं पाणी.

जास्त खारट, जास्त सीओडीचं पाणी एमईईत, म्हणजे अनेक टप्प्यांच्या बाष्पीभवन यंत्रात, जातं. तीन भांडी एकापुढे एक. पहिल्यातल्या पाण्याची वाफ दुसऱ्याला तापवते, दुसऱ्यातली तिसऱ्याला, आणि प्रत्येक पुढच्या भांड्यात दाब कमी म्हणून पाणी कमी तापमानाला उकळतं. एक टन वाफेत सुमारे अडीच टन पाणी उडतं. तरी पाणी उडवून स्वच्छता मिळवणं म्हणजे प्रदूषणाचं रूपांतर इंधनात करणं. ईटीपीवर वाचवलेला प्रत्येक लिटर हा खरं तर वर, रिअ‍ॅक्टरवर वाचवलेला असतो. म्हणून लॅबमधल्या त्या एमएलच्या प्रयोगात या मुलालाही घेतलंय. अशुद्धी किती वाढली तर ते पाणी त्याला चालणार नाही, ते त्याने सांगायचं.

दुपारी ४:००

मीटिंग. युरोपातल्या ग्राहकाची प्रश्नावली आलीय: एक किलो मालामागे एकूण किती वस्तुमान घातलं, पाणी किती, ऊर्जा किती, कार्बन किती. रॉजर शेल्डन यांनी १९९२ मध्ये हा प्रश्न ई-फॅक्टर म्हणून साधा केला: एक किलो मालामागे किती किलो कचरा? तेल शुद्धीकरणात तो ०.१ च्या आतबाहेर. आमच्यासारख्या सूक्ष्म रसायनांत पाच ते पन्नास. औषधांत पंचवीस ते शंभरच्याही वर. जी औषधं माणूस मिलिग्रॅममध्ये घेतो त्यांच्यामागे सर्वांत जास्त कचरा, कारण पायऱ्या जास्त आणि प्रत्येक पायरीला सॉल्व्हंट. औषधनिर्मितीत घातल्या जाणाऱ्या एकूण वस्तुमानात निम्म्याहून जास्त वाटा सॉल्व्हंटचाच असतो.

अकाउंट्सच्या साहेबांचा प्रश्न नेहमीचा: "हे सगळं ठीक, पेबॅक किती?" एक्स्चेंजर भंगारातला, त्यामुळे आज उत्तर सोपं. उत्पादनाच्या साहेबांची हरकत मात्र खरी होती. "टाकी दिवसा उतरवून ठेवायची आणि बॅचला उशीर झाला तर? बॉयलर पाण्यावाचून ट्रिप झाला तर अख्खा प्लांट थांबेल." यावर पंधरा मिनिटं गेली. ठरलं ते असं: टाकी चाळीस टक्क्यांखाली गेली की पंप कुणाचीही वाट न बघता सुरू होईल, पाणी गरम असो वा थंड. चाळीसच्या वर मात्र बॅच चालू असतानाच भरायची. इन्स्ट्रुमेंटचा माणूस उद्या दुसरा फ्लोट लावणार. पहाटे टाकी भरायची जुनी रीत बंद.

प्रश्नावलीतल्या "ऊर्जा बचतीचे उपक्रम" या रकान्यात हे काय म्हणून लिहायचं, असं मार्केटिंगने विचारलं. त्यांना काहीतरी दणदणीत हवं होतं. मी म्हटलं, लिहा: टाकी भरण्याची वेळ बदलली.

संध्याकाळी ५:१०

पाच वाजले, वीज महाग झाली. चिलर उतरवला, ब्राइन उणे सातवर, रात्री अकरापर्यंत पुरेल. मोठे ड्रायर आणि मिलिंग पाचच्या आत उरकले होते. एमईई चालूच राहतो. त्याला वीज थोडी, वाफ जास्त, आणि वाफेला पीक अवर नसतो. मिथेनॉलच्या पंपाचं सील बदललं, बादली कोरडी आहे.

रात्रपाळीसाठी सूचनावहीत लिहिलं: मेकअप टाकी पहाटे भरू नये. खाली कारणही लिहिलं, दोन ओळीत, आकड्यांसह. कारणाशिवाय लिहिलेली सूचना तीन रात्री टिकते आणि चौथ्या रात्री कुणीतरी भलेपणाने टाकी भरून ठेवतो.

रात्री १०:५०

रात्रपाळीच्या इनचार्जचा फोन. "मॅडम, वही वाचली. पण सकाळची बॅच किती वाजता लागणार ते आम्हाला कळत नाही हो. सातची की साडेआठची? त्यावरच टाकी कुठवर ठेवायची ते ठरणार ना?"

बरोबर मुद्दा. हायड्रोजनेशनचं वेळापत्रक उत्पादनाकडे असतं, पाण्याचं बॉयलरकडे, विजेचं इलेक्ट्रिकलकडे, आणि तिन्ही कागद वेगवेगळ्या टेबलांवर. उष्णता एका भांड्यातून दुसऱ्यात जायची तर आधी हे कागद एका भिंतीवर यायला हवेत. त्यांना सांगितलं की उद्या सव्वाआठला हायड्रोजन लागणार आहे, टाकी पंचेचाळीसवर सोडा. आणि उद्यापासून बॉयलर हाउसच्या फळ्यावर रोजच्या बॅचच्या वेळा खडूने लिहायच्या, तीनही पाळ्यांनी. कुणी लिहायच्या? ज्याच्या पाळीत वेळ बदलेल त्याने.

"लिहितो," ते म्हणाले. "पण मग ब्राइनच्या वेळाही त्याच फळ्यावर लिहा. चिलर कधी बंद होणार ते आम्हालाही सकाळीच कळतं."